सोन्यावरच्या एकरेणू थरात साखळीच्या लांबीने काय बदलतं?

तुमचा प्रश्न असा आहे की थायॉलचं (एका टोकाला गंधक असलेल्या कार्बन-साखळीच्या रेणूचं) गंधक सोन्याला दर वेळी सारखंच चिकटतं, मग मागच्या साखळीत सहा कार्बन असोत की सोळा, थराच्या दर्जात फरक का पडावा?

कारण गंधकाचं काम रेणूला पृष्ठभागावर धरून ठेवण्याचं. त्याचा सोन्याशी असलेला बंध मोलमागे साधारण 200 किलोज्यूल इतका पक्का असतो. पण थराला शिस्त येते ती शेजारच्या साखळ्यांमधल्या व्हान डर वाल्स आकर्षणाने (रेणूंमधल्या दुबळ्या ओढीने). साखळीतल्या प्रत्येक सीएच-टू गटामागे (एक कार्बन, दोन हायड्रोजन) ते मोलला काही किलोज्यूलच भरतं, पण गट वाढत जातात तशी बेरीज वाढते. साखळी आखूड असली की ही बेरीज उष्णतेच्या हालचालीपुढे कमी पडते. साखळ्यांना मध्येच पीळ पडतात आणि थर द्रवासारखा विस्कळीत राहतो. दहा-बारा कार्बनांच्या पुढे साखळ्या सरळ ताठ होऊन स्फटिकासारख्या रचल्या जातात. मला हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटात: सीएच-टूची असममित ताण-कंपनं सुव्यवस्थित थरात 2918 सेंटिमीटर-व्युत्क्रमाच्या (कंपनाची वारंवारता सांगणाऱ्या एककाच्या) आसपास येतात, विस्कळीत थरात 2924 किंवा त्याहूनही वर सरकतात.

सोन्याच्या (111) पृष्ठभागावर, म्हणजे अणू सर्वांत दाट रचलेल्या पृष्ठभागावर, गंधकांमधलं अंतर सुमारे 5 अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा-अब्जावा भाग) पडतं. साखळ्यांना एकमेकींना टेकायला त्याहून जवळ यावं लागतं, म्हणून त्या साधारण 30 अंश कलतात. चांदीवर गंधक जास्त दाटीने बसतात, त्यामुळे तिथे कल 10-12 अंशांवर येतो. या कलामुळे सोन्यावर दर कार्बनामागे जाडी जेमतेम 1.1 अँगस्ट्रॉमने वाढते. कार्बनांची संख्या सम की विषम यावरून टोकाच्या मिथिल (सीएच-थ्री) गटाची दिशाही बदलते. हा परिणाम बारीक आहे, पण भिजण्याच्या मोजमापात तो दिसतो.

म्हणून सरसकट लांब साखळी घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. गंज रोखायचा असेल किंवा विद्युत्-अग्रावरची (इलेक्ट्रोडवरची) अभिक्रिया अडवायची असेल तर सोळा-अठरा कार्बन घ्या. इलेक्ट्रॉन आरपार जायला हवे असतील तर तीच लांबी आड येते: दर सीएच-टूमागे बोगदा-प्रवाह (थर भेदून पलीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह) जवळपास 2.7 पटींनी घटतो, म्हणजे दहा गट वाढले की दहा हजार पटींहून जास्त. डीएनए संवेदकांत सहा कार्बनांचा मर्कॅप्टोहेक्झॅनॉल हा थायॉल वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. वीसच्या पुढे गेलात की विद्राव्यतेची अडचण सुरू होते.

आणि थराला घाई करू नका. गंधक काही मिनिटांतच पृष्ठभाग व्यापून टाकतं, पण साखळ्या नीट लागायला तास लागतात. द्रावणात निदान रात्रभर तरी ठेवा, मगच लांबी-लांबीची तुलना करा. पाण्याच्या संपर्ककोनावर (थेंब पृष्ठभागाला टेकतो तिथल्या कोनावर) एकट्यावर विसंबू नका, हेक्झाडेकेन या तेलासारख्या द्रवाचाही घ्या. आखूड साखळ्यांचा विस्कळीतपणा तिथे जास्त स्पष्ट कळतो.