मसाल्याच्या घरगुती धंद्यासाठी ऑनलाइन मार्केटिंग एजन्सीला महिना १५,००० रुपये द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात आई घरी कांदा-लसूण मसाला करतात. इन्स्टाग्रामवर पेज काढून तीन महिने झाले, फॉलोअर १,८०० झाले, पण ऑर्डरी पंधरा-वीसच आल्या. आता एक एजन्सी महिना १५,००० रुपयांत सगळं 'डिजिटल मार्केटिंग' करून देते म्हणतेय. तर द्यावेत का?

नका देऊ. आत्ता तरी नका.

मी कराडची. वहिनी आणि मी मिळून नऊ वर्षं मसाला विकतोय, म्हणजे तशा तुमच्या आई आमच्या स्पर्धकच. पण आपल्याकडच्या मसाल्याला गिऱ्हाईक भरपूर आहे, सांगायला काही हरकत नाही.

आधी हिशोब करा. मिरची, खोबरं, तीळ, धणे, तेल, कांडप, पाकीट आणि घरातल्यांची मजुरी (ती धराच, सगळे विसरतात) वजा जाता आमच्या हातात किलोमागे १५० रुपये राहतात. तुमचंही तेवढ्यात असेल. म्हणजे एजन्सीचे १५,००० निघायला दर महिन्याला १०० किलो मसाला जास्तीचा विकला गेला पाहिजे, आणि तेव्हाही काकूंच्या हातात शून्य. काकू महिन्याला १०० किलो करू शकतात का, हे त्यांना विचारा. बहुतेक हसतील.

आम्हीही एकदा एजन्सी लावली होती. मुलगा चांगला बोलायचा, रोज एक पोस्ट टाकायचा, महिन्याच्या शेवटी रंगीत तक्ते पाठवायचा. आषाढी एकादशीला सकाळी आमच्या पेजवर विठ्ठलाचं चित्र, त्याखाली आमचं कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट आणि 'एकादशी ऑफर, १० टक्के सूट'! वहिनीचं माहेर माळकरी. सात वाजता तिच्या वडिलांचा फोन. "आधी ते काढा, बाकीचं मग बोलू," एवढंच म्हणाले आणि ठेवला. त्या मुलाच्या यादीत आषाढी हा नुसता एक सण होता, दिवाळीसारखाच. चार महिने कांदा-लसूण बंद करणारी घरं आपल्याकडे किती आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्हीच उलटं केलं. एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते. तिच्या आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं: 'चातुर्मासाआधी भरली वांगी, झुणका, भजी उरकून घ्या, पाव किलोचं पाकीट तयार आहे.' बरीच पाकिटं गेली. मग श्रावणात कांदा-लसूण नसलेला काळा मसाला. यात मार्केटिंगचं ज्ञान काही नाही, हे कॅलेंडर काकूंना पाठच आहे. आपला धंदा वर्षभर सारखा चालत नाही. लोक वर्षाचा मसाला मार्च ते मे करून ठेवतात. जाहिरातीवर जो काही पैसा घालाल तो फेब्रुवारीअखेरपासून घाला. ऑगस्टमध्ये घातलेला पैसा पाण्यात.

आता काय करायचं ते. सुरुवात इन्स्टाग्रामपासून नाही, काकूंच्या फोनपासून. संध्याकाळी निवांत त्यांच्याशेजारी बसा आणि कॉन्टॅक्टची यादी उघडा. वहिनीच्या फोनमध्ये आम्हाला सापडलेली नावं अशी होती: 'पुणे मसाला ताई', 'नंदाची नणंद ३ किलो', 'कोथरूड कमी तिखट', 'बँकवाले साहेब मिसेस'. अशी १४० माणसं निघाली. प्रत्येकाने एकदा तरी पैसे देऊन मसाला नेलेला, आणि आम्ही त्यांना सोडून अनोळखी लोकांच्या मागे लागलेलो! ती सगळी नावं एका वहीत उतरवा: गाव, किती घेतला, तिखट की मध्यम, शेवटचा कधी. वहीच पुरते, एक्सेल नसलं तरी अडत नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. त्यात कॅटलॉग भरा आणि किंमत लिहा. 'किंमतीसाठी इनबॉक्स करा' असलं काही लिहू नका. विचारायला लाजून निघून जाणारी माणसं कधी मोजता येत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पोचवणारी यादी) एका वेळी २५६ जण बसतात, पण त्यात एक मेख आहे: समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो. आम्हाला हे कळायला वर्ष गेलं. तेव्हापासून प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी घालतो, वहिनीच्या अक्षराची झेरॉक्स: 'मसाला कसा वाटला ते कळवा. नंबर "कराड मसाला" नावाने सेव्ह करा, पुढच्या वर्षी मिरची आली की सांगू.' आणि वर्षाला चार-पाचच मेसेज. रोज सुप्रभात पाठवलंत तर ब्लॉक व्हाल, आणि व्हायलाच पाहिजे.

इन्स्टाग्राम बंद करू नका, पण १,८०० या आकड्याने हुरळूनही जाऊ नका. पेजच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर कुठल्या शहरातले आहेत ते दिसतं. आमच्या एजन्सीने जाहिरात 'पूर्ण भारत' अशी लावली होती. लाइक पाटणा आणि लखनौहून आले, मसाला मागवला कोणीच नाही. तुमचंही एकदा उघडून बघा.

काय टाकायचं याचा अंदाज आम्हाला चुकूनच आला. पहिलं वर्षभर पांढऱ्या कागदावर पाकीट ठेवून फोटो काढायचो. छान दिसायचे, औषधाच्या दुकानासारखे. मग एप्रिलमध्ये वहिनी डंकावर मसाला कुटायला गेली, तेव्हा मी फोन तराजूला टेकवून सहज व्हिडिओ लावला. लाल मिरची उखळात पडतेय, लोखंडी मुसळं धाडधाड आपटतायत, वहिनी पदर नाकाला लावून ठसकतेय. डंकवाले काका शांत. ठसका आवरता आवरता ती म्हणते, "औंदा संकेश्वरी जरा जास्तच पडली वाटतं." सत्तावीस सेकंद. ना गाणं, ना फिल्टर. त्या आठवड्यात जेवढे फोन आले तेवढे आधीच्या सहा महिन्यांत आले नव्हते, आणि अर्ध्या जणांचा पहिला प्रश्न तोच: "त्या व्हिडिओतला डंकावरचाच ना?" माणसाला मसाला खरोखर कुठे कुटला जातो ते बघायचं असतं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, कांदा उन्हात वाळवलेला की तळलेला, खोबरं किती भाजायचं, हे काकू बोलत असतील तसं बोलू द्या आणि तुम्ही फक्त फोन धरा. त्यांना प्रमाण भाषा शिकवायला जाऊ नका.

गूगलवर बिझनेस प्रोफाइल काढा, तेही फुकट. घरातून धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल देता तेवढं दाखवता येतं. नाव मराठीतच लिहा. जुन्या गिऱ्हाइकांना पार्सल पोचल्यावर दहा-बारा दिवसांनी, म्हणजे एकदा भाजी करून झाल्यावर, रिव्ह्यूची लिंक पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि एफएसएसएआयची (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी नसेल तर हे सगळं सोडून आधी ती करा. तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर पाहिजेच.

पैसे देऊन जाहिरात करायची ती यानंतर. पोस्टखालचं 'बूस्ट' बटण दाबू नका, अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती जिथून लावतात तिथे) जाऊन थेट व्हॉट्सअ‍ॅपवर चॅट उघडणारी जाहिरात करा आणि भाग नेमका निवडा. आम्ही पिंपरी-चिंचवड आणि नवी मुंबई घेतो. कोपरखैरणे, घणसोली भागात वाशीच्या मार्केटमधली माथाडी कुटुंबं आहेत, त्यातली कितीतरी आपल्याच जिल्ह्यातली. त्यांना कांदा-लसूण मसाला म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. गावाकडून येणारा डबा संपलेला असतो, एवढंच.

मागच्या मार्चचा आमचा आकडा सांगते. ३,००० रुपयांची जाहिरात, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. चॅट आले ३८, ऑर्डरी ११, सरासरी दीड किलोच्या. किलोला १५० धरले तर कमाई २,४७५. म्हणजे हजारभर रुपयांचं नुकसान! वहिनी दोन दिवस बोलत नव्हती. पण त्या ११ पैकी ५ जणांनी यंदा स्वतःहून तीन-तीन किलो नेला, जाहिरातीचा एक रुपया न लागता. तिथे २,२५० मिळाले आणि मागचा खड्डा भरून वर थोडे उरले. जाहिरातीचा पैसा दुसऱ्या वर्षी परत येतो, तोही वहीत नाव लिहून ठेवलं असेल तर. म्हणून वही आधी आणि जाहिरात नंतर.

फसवणुकीचं सांगायलाच हवं, कारण नंबर सगळीकडे टाकलात की पहिल्या महिन्यातच येईल. 'आमच्या कॅम्पसाठी २० किलो पाहिजे' असा फोन, भाव न विचारता ऑर्डर, मग एक क्यूआर कोड पाठवून 'हा स्कॅन करा, पैसे जमा होतील'. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. काकूंना हे दोनदा सांगा. पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवरही माल सोडू नका, बँकेत जमा झालेत का बघा. कॅश ऑन डिलिव्हरी आम्ही बंदच केली. पार्सल परत आलं की दोन्हीकडचं भाडं आपल्याच माथी.

राहिला मालाचा प्रश्न. आपला मसाला तेल सोडतो. पहिल्या वर्षी मुलुंडच्या एका ताईंनी खोक्याचा फोटो पाठवला होता, खालून लालभडक डाग आणि कुरिअरवाल्याच्या टेबलावरही तसाच. तो फोटो त्यांनी स्टेटसला ठेवला असता तर आमचे सगळे व्हिडिओ वाया गेले असते. तेव्हापासून जाड पिशवी सील करून दुसऱ्या पिशवीत, मग रद्दी पेपर, मग खोकं. पाकिटामागे सात रुपये जास्त जातात.

त्या एजन्सीला नाही म्हणवत नसेल तर एकच विचारा: पेज, जाहिरातीचं खातं आणि लॉगिनचा नंबर कोणाच्या नावावर राहणार? आमचं खातं त्या मुलाच्या ईमेलवर होतं. काम थांबवल्यावर ते परत मिळवायला पावणेतीन महिने लागले, आणि मधे अख्खा दिवाळीचा हंगाम गेला.