बर्फावर जायचंय? आधी महिना ठरवा, मग गाव

प्रश्न : मुलांना नाताळची सुट्टी आहे. आम्ही चौघं, स्कीइंग कुणीच केलेलं नाही. हाताशी सहा दिवस आहेत. गुलमर्ग की औली? – एक वाचक, पुणे

उत्तर : सहाच दिवस असतील तर गुलमर्ग. पण नाताळात नको.

काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, चिल्ला-ए-कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो. म्हणजे तुमची सुट्टी लागते तेव्हा थंडीचा नुसता आरंभ असतो. हिमालयात हिवाळ्यातला बर्फ पडतो तो पश्चिमी झंझावातांमुळे, आणि ते काही शाळेचं वेळापत्रक पाहून येत नाहीत. पहिल्या एक-दोन बर्फवृष्टींनी गवत आणि दगड जेमतेम झाकले जातात. त्यावर स्की घासतात, नवशिका अडखळून पडतो. तीन-चार वेळा बर्फ पडून दबला की मगच उतार शिकण्याजोगा होतो. जानेवारी २०२४ मध्ये तर महिन्याचा बराचसा काळ गुलमर्ग कोरडंच होतं. २६ जानेवारीला जोडून रजा मिळाली तर उत्तम, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा त्याहून उत्तम. मुलांची शाळा तीन-चार दिवस बुडेल, पण बर्फ मिळण्याची शक्यता कितीतरी वाढेल.

आता गाव. श्रीनगर विमानतळापासून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. बर्फ पडलेला असला की वाटेतल्या टंगमर्गला गाडी बदलावी लागते. पुढच्या चढाला चाकांना साखळ्या बांधलेली किंवा फोर बाय फोर गाडीच लागते. शिकण्याचे सौम्य उतार गावातच आहेत, त्यासाठी गोंडोलाचं (डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं) तिकीट लागत नाही. उत्तराखंडातल्या औलीला मात्र ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतच जवळपास अडीचशे किलोमीटर घाटरस्ता आहे, म्हणजे जायला एक आणि यायला एक दिवस पूर्ण गेला. जोशीमठ–औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर बंद झाला, तेव्हा वरपर्यंत रस्त्यानंच जायचं असं धरून चाला. तरीही ज्याच्याकडे दोन आठवडे आहेत आणि ज्याला खरोखर शिकायचं आहे त्याला आम्ही औली सुचवू. गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे वर्ग तिथे चालतात.

परतीच्या विमानाआधी एक रात्र श्रीनगरला मोकळी ठेवा. बर्फ किंवा धुक्यानं उड्डाणं रद्द होतात. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड हवं.

प्रश्न : सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत. त्यांना गोंडोलानं वरपर्यंत नेता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या टप्प्यापर्यंत न्या. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, पहिला टप्पा कोंगडोरी सुमारे ३,०८० मीटरवर. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरवर पोचवतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्क्यांवर येतो, आणि वारा बोचरा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर दुसरा टप्पा टाळाच, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. पहिली रात्र श्रीनगरला काढून मग वर जा. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधीच काढावी लागतात. जोराचा वारा सुटला की गोंडोला थांबवतात, म्हणून गोंडोलाची फेरी शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

प्रश्न : सामान विकत घ्यावं की भाड्यानं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : स्की, बूट, काठ्या भाड्यानं. जलरोधक हातमोजे, गॉगल आणि लोकरीचे मोजे स्वतःचे. हेल्मेट भाड्यानं मिळतं, ते नाकारू नका.

सगळा खेळ बुटांवर आहे. घरीच टाच भिंतीला टेकवून पाऊल कागदावर ठेवा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. स्कीच्या बुटाचं माप तेच असतं. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत. ‘जरा सैल बरा’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे घात करतो: पाऊल बुटात वळतं, स्की वळतच नाही, आणि नडगी सोलपटते. मोज्यांचा एकच जोड घाला. दोन घातले की रक्तप्रवाह दबतो आणि पाय उलट जास्त गारठतात. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही.

स्कीची लांबी हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान असावी. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग वजन, उंची, वय आणि अनुभव विचारून दुकानदारानं जुळवलं पाहिजे. न विचारता पुढे केलं तर थांबवा. घट्ट राहिलं तर पडताना सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. सैल राहिलं तर चालू उतारावरच निघतं.

प्रश्न : आम्ही सह्याद्रीतले जुने ट्रेकर. नळीची वाट चढलोय. दुसऱ्याच दिवशी अफरवटवरून स्की करत उतरता येईल? – वाचक मित्रमंडळ, मुंबई

उत्तर : नाही. दम तुमच्याकडे आहे, पण ट्रेकमध्ये पाय रोवायचा असतो आणि इथे तो सोडायला शिकावं लागतं. पहिले दोन दिवस सपाटीवर घसरणं, पडून उठणं आणि स्कीची टोकं जवळ आणून ‘व्ही’ आकारात थांबणं यातच जातात. वळणं नीट जमेपर्यंत गावातला उतार सोडू नका.

अफरवटचा उतार युरोपातल्यासारखा यंत्रानं सपाट केलेला नसतो, बर्फ भुसभुशीत आणि खोल असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वांत जास्त, आणि नव्या बर्फवृष्टीनंतरचे २४ तास विशेष घातक. स्की-गस्तीपथकाच्या देखरेखीच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संदेशयंत्र (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारा ट्रान्सीव्हर), फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची शोधकाठी हवीच, आणि ती वापरायचा सराव हवा. बर्फाखाली गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते; त्या वेळात त्याच्यापर्यंत पोचू शकतात ते शेजारचे सोबतीच.