हवामानाचे देणे कोणाकडे किती?

हवामानबदल आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. तिसऱ्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण त्याविषयी आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते.

प्रश्न : विकसनशील देशही आज मोठ्या प्रमाणावर कोळसा आणि तेल जाळतात. मग हवामानबदलाचा दोष श्रीमंत देशांच्या माथी मारणे ही पळवाट नव्हे काय?

उत्तर : सगळा दोष श्रीमंत देशांचाच आहे, असे कोणताही आंतरराष्ट्रीय करार म्हणत नाही. १९९२ साली रिओ द जानेरो येथे स्वाक्षऱ्यांसाठी खुल्या झालेल्या हवामानविषयक चौकट कराराने जबाबदारी सर्वांची मानली, पण ती प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे वेगवेगळी असेल, असे ठरवले. यामागे साधे भौतिक कारण आहे. कार्बन डायऑक्साइड एकदा वातावरणात गेला की त्याचा बराचसा भाग शतकानुशतके तेथेच राहतो, त्यामुळे आजची उष्णता केवळ आजच्या धुरामुळे नसून साठत आलेल्या धुरामुळे आहे. औद्योगिक क्रांतीपासून जीवाश्म इंधनांतून बाहेर पडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे, तर संपूर्ण आफ्रिका खंडाचा वाटा जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास आहे. आजचे दरडोई उत्सर्जन पाहिले तरी अमेरिकेत ते वर्षाला सुमारे १४ टन आणि भारतात सुमारे २ टन भरते.

तरीही आपल्या शंकेत तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९२ च्या त्या करारात केलेली 'विकसित' आणि विकसनशील अशी देशांची वर्गवारी आता जुनी झाली आहे. वार्षिक उत्सर्जनात चीन जगात पहिल्या क्रमांकावर आहे. कतार किंवा संयुक्त अरब अमिरातीसारखे तेलसंपन्न देश तेव्हाच्या यादीनुसार 'विकसित' गटात मोडत नाहीत, म्हणून त्यांनी मालावी किंवा बांगलादेशसारख्या गरीब देशांच्या रांगेत उभे राहावे, हे न्यायाला धरून नाही.

प्रश्न : श्रीमंत देशांनी जाहीर केलेला पैसा संकटग्रस्त देशांना प्रत्यक्षात मिळतो का? न्यायालयातून भरपाई मिळू शकते का?

उत्तर : मिळतो, पण उशिरा, अपुरा आणि बहुधा कर्जाच्या रूपात. विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभारण्याचे वचन २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत देण्यात आले. तो आकडा प्रथम गाठला गेला २०२२ साली. त्या वर्षीच्या सरकारी निधीतही दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम कर्ज होती, म्हणजे ज्याचे घर दुसऱ्याच्या आगीने जळाले त्यालाच डागडुजीसाठी हप्ते भरण्यास सांगण्यासारखे झाले. समुद्राची पातळी वाढून होणाऱ्या हानीची भरपाई मिळावी, ही मागणी पॅसिफिक महासागरातील वानुआतू या बेटदेशाने लहान बेटराष्ट्रांच्या वतीने १९९१ सालीच मांडली होती. 'हानी व नुकसान' निधीला मान्यता मिळाली ती २०२२ साली, इजिप्तमधील शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत. त्याच वर्षी पाकिस्तानातील महापुराने ३ कोटी ३० लाख लोकांना झळ पोहोचली, १,७०० हून अधिक माणसे दगावली आणि एकूण नुकसान ३० अब्ज डॉलरच्या घरात गेले. जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा १ टक्क्याहूनही कमी आहे. पुढच्या वर्षी दुबईच्या परिषदेत या निधीसाठी सर्व देशांनी मिळून जे कबूल केले ते सुमारे ७० कोटी डॉलर होते. एका देशाच्या एका पुराचे नुकसान आणि साऱ्या जगासाठीची ही तरतूद, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

न्यायालयांचा मार्ग आता कुठे उघडू लागला आहे. पेरूमधील हुआराझ शहराच्या वर, अँडीज पर्वतात पाल्काकोचा नावाचे हिमनदीच्या पाण्याचे सरोवर आहे. १९४१ साली ते फुटले आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला. हिमनदी वितळत असल्याने ते पुन्हा धोक्याच्या पातळीपर्यंत भरले. तेथील एका शेतकऱ्याने २०१५ साली जर्मनीतील आरडब्ल्यूई या वीजकंपनीवर दावा लावला. त्याचा हिशेब विलक्षण नेमका होता : औद्योगिक काळापासूनच्या जागतिक उत्सर्जनात या कंपनीचा वाटा ०.४७ टक्के, तेव्हा सरोवराच्या संरक्षणकामाच्या खर्चातील तेवढाच हिस्सा, म्हणजे सुमारे १७ हजार युरो, तिने द्यावा. जर्मन न्यायाधीश पाहणीसाठी पेरूला जाऊन आले. मे २०२५ मध्ये हाम येथील न्यायालयाने त्या शेतकऱ्याच्या घराला असलेला प्रत्यक्ष धोका फारच कमी असल्याचे सांगून दावा फेटाळला, पण मोठ्या प्रमाणावर उत्सर्जन करणारी कंपनी दूरदेशीच्या हानीसाठी तत्त्वतः जबाबदार ठरू शकते, हेही त्याच निकालात नोंदवले. पुढे जुलै २०२५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिले की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, त्यात कसूर झाल्यास ते बेकायदा कृत्य ठरू शकते आणि हानीशी कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास भरपाईही मागता येते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, त्याची सक्ती नाही. पण त्यामागची मोहीम २०१९ साली पॅसिफिक बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली होती, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : परदेशांकडे न्याय मागणारी आपली सरकारे स्वतःच्या जंगलांतील आणि खाणपट्ट्यांतील लोकांना न्याय देतात का?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. बाहेरचे येणे मागणाऱ्याने घरातले देणे बुडवू नये, ही अपेक्षा रास्त आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती पुरी होत नाही.

नायजेरियात नायजर नदीच्या मुखप्रदेशात असलेल्या ओगोनीलँड या तेलपट्ट्याचे उदाहरण घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली तेथील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. एका वस्तीत लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते त्यात बेंझिन या कर्करोगकारक द्रव्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले. जवळच भूजलावर शुद्ध केलेल्या तेलाचा ८ सेंटिमीटर जाडीचा थर तरंगत होता. म्हणजे पोहरा सोडला तर आधी चार बोटे तेल आणि मग पाणी. प्रदेश पूर्ववत होण्यास २५ ते ३० वर्षे लागतील, असा अंदाज अहवालात आहे. तेल उपसणाऱ्या उद्योगात परदेशी कंपन्यांबरोबर नायजेरियाची सरकारी तेलकंपनीही भागीदार होती, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. नियमन करणारा आणि नफ्यात वाटा घेणारा एकच असेल तर गावकऱ्याने तक्रार कोणाकडे करावी? अखेर तेथील लोकांना परदेशी तेलकंपनीविरुद्ध लंडनच्या न्यायालयात जावे लागले. त्यांचा दावा तेथे चालू शकतो, एवढे ठरायलाच २०२१ साल उजाडले.

याउलट जेथे स्थानिकांना खरोखर विचारले गेले तेथे काय घडले, तेही पाहावे. ओडिशातील नियमगिरीच्या माथ्यावर बॉक्साइटचा साठा आहे आणि तोच डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचा नियमराजा, त्यांचा देव आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितले की वनहक्क कायद्यानुसार हा निर्णय ग्रामसभांपुढे गेला पाहिजे. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या निरीक्षकांसमोर, १२ गावांच्या ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. अर्थात, कोणत्या गावांना विचारायचे याची यादी राज्य सरकारने ठरवली होती आणि डोंगरावरील शंभरांहून अधिक वस्त्यांतून बाराच निवडल्या होत्या. तरीही निकाल बदलला नाही.

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरने तर बाहेरचे येणे आणि घरातले देणे हे दोन्ही हिशेब एकत्र मांडून पाहिले. यासुनी राष्ट्रीय उद्यानाखालचे तेल जमिनीतच ठेवतो, मात्र बुडणाऱ्या उत्पन्नाच्या निम्मे, म्हणजे ३.६ अब्ज डॉलर, जगाने द्यावेत, असा प्रस्ताव त्या देशाने २००७ साली ठेवला. २०१३ पर्यंत हाती पडले ते १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास. सरकारने योजना गुंडाळली आणि २०१६ मध्ये उपसा सुरू झाला. ऑगस्ट २०२३ मधील सार्वमतात मात्र सुमारे ५९ टक्के मतदारांनी तेल जमिनीतच राहू द्यावे, असा कौल दिला. जगाने पैसे दिले नाहीत आणि स्वतःच्या सरकारने धीर सोडला, तरी सामान्य मतदार मागे हटला नाही. विहिरी बंद करण्याचे काम त्यानंतरही रेंगाळत चालले आहे, याची खंत वाटते.

प्रश्न : युरोपचा सीमेवरील कार्बन कर गरीब देशांवर अन्याय करणारा आहे का?

उत्तर : पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते यांसारख्या आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या उत्सर्जनावरील हा कर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. युरोपातील कारखान्यांना जो खर्च सोसावा लागतो तो बाहेरच्यांनाही लागावा, हा युक्तिवाद चुकीचा नाही. माझा आक्षेप पैशाच्या दिशेवर आहे. मोझांबिकमध्ये तयार झालेल्या ॲल्युमिनियमवरील ही रक्कम जमा होते युरोपच्या तिजोरीत. मात्र मूळ देशात अशा उत्सर्जनाची किंमत आधीच वसूल झाली असेल तर ती वजा करण्याची सोय त्याच नियमांत आहे. त्यामुळे निर्यातदार देशाने आपल्या कारखान्यांवर स्वतःच कार्बन कर बसवला तर तो पैसा देशातच राहील आणि कारखाना सुधारण्यासाठी किंवा त्याच्या धुरात राहणाऱ्या वस्त्यांसाठी वापरता येईल. तसे होते की नाही, हे ज्या त्या देशाच्या अर्थसंकल्पात त्या कराची नोंद कोणत्या शीर्षाखाली होते, हे पाहिल्यावरच कळेल.