कार्ड गेलं असं ठरवण्याआधी

मित्रा, गेम खेळताना पीसी बंद पडला म्हणून लगेच नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला धावू नकोस. नीट आठव: स्क्रीनवर रंगीत चौकोन, रेघा दिसल्या, की एकदम अंधार झाला? मॉनिटर आणि केबल बदलूनही त्या रेघा बायोसमध्येच (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) दिसत असतील तर ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, दोष नाही, बहुधा कार्डाची मेमरी जात आली आहे.

एकदम बंद होत असेल तर माझा पहिला संशय पॉवर सप्लायवर. माझ्याकडे दोन आठवडे हाच त्रास होता. शेवटी कार्डाचा ८ पिनचा प्लग अर्धवट बसलेला निघाला, त्याचा खटका अडकलाच नव्हता. पीसी बंद करून, भिंतीच्या सॉकेटमधली वायर काढून, तो प्लग 'टक्' आवाज येईपर्यंत दाब.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (घडामोडींच्या नोंदवहीतली) ४१ नंबरची नोंद बघून घाबरू नकोस; मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ती सांगते. ४१०१ दिसली तर डिस्प्ले ड्रायव्हर अडकला होता. मग सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) डीडीयूने, म्हणजे ड्रायव्हर पूर्ण काढणाऱ्या 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या प्रोग्रॅमने, जुना ड्रायव्हर पुसून नवा टाक.

आणि जमलं तर कार्ड मित्राच्या पीसीत लावून तासभर तोच गेम चालव. तिथेही तसंच झालं, तर वॉरंटीचं बिल शोधायला घे.