दिवाळीच्या सुगंधाचं पातेलं

घरभर सुगंध दरवळावा म्हणून मसाल्याचं पाणी मंद उकळत ठेवायचं, हे पहिल्यांदाच करतेयस ना, मग जाड बुडाचं पातेलं घे. पातळ बुडाच्या भांड्यात पाणी आटलं की मसाला लगेच करपतो आणि तो वास दोन दिवस जात नाही. लिटरभर पाण्यात दोन संत्र्यांची सालं, दालचिनीचे दोन तुकडे, एक चक्रीफूल, चार लवंगा. लवंगा वाढवू नकोस, बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतात. माझा खरा जीव आहे तो गवती चहावर! दादरच्या मंडईतून जुडी आण, पाती हाताने चुरगाळूनच टाक. उकळी आली की गॅस अगदी बारीक. मुंबईच्या दमट हवेत वाफ कोंडते, खिडकी किलकिली ठेव. अधूनमधून गरम पाणी घाल. कंदील लावायला गॅलरीत जाताना आधी गॅस बंद कर. कापूर मात्र टाकू नकोस, तो पटकन पेट घेतो.