ॲक्रिलिकचा आरसा लेझरवर कापला तर किरण उलटा येऊन लेन्स किंवा डोळे जातील का?

तुम्ही लिहिलंय की ६० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर मशीन नवीन घेतलंय, मखराच्या सजावटीसाठी आणि दारावरच्या पाट्यांसाठी मिरर ॲक्रिलिक कापायचंय. पण कुणीतरी सांगितलं, आरशावर लेझर मारला की तो परत फिरतो. म्हणून शीट आठवडाभर भिंतीला टेकून उभी आहे.

कापा बिनधास्त. मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि उलट्या किरणाने माझी एकही लेन्स गेलेली नाही. एक गेली ती आगीने. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी शीटची कड डोळ्यांजवळ धरून बघा. ३ मिमीमधला जवळपास सगळा भाग साधं पारदर्शक ॲक्रिलिक आहे. त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, इतका पातळ की मायक्रॉनचाही छोटासा हिस्सा. आणि तो खरवडू नये म्हणून वर राखाडी रंगाचा थर. सीओटू लेझरच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. आपल्या डोळ्यांना ॲक्रिलिक काचेसारखं आरपार दिसतं, पण या किरणाला ते भिंतीसारखं आहे. तो वरच्या वर शोषला जातो, म्हणून तर ते कापलं जातं. ॲल्युमिनियम मात्र या किरणाला जवळपास पूर्णच परतवतं, तेव्हा तुम्हाला सांगणारा अगदीच चुकीचा नव्हता.

उपाय सोपा आहे. शीट पालथी ठेवायची, चकचकीत बाजू खाली, राखाडी रंग वर. किरण आधी रंगावर पडतो, रंग जळतो आणि त्याच्या उष्णतेत खालचा मुलामाही उडून जातो. मग पुढे उरतं साधं ॲक्रिलिक. तोंड वर ठेवून कापलं तरी काप पडतो, पण शेवटी किरण चरीच्या तळाशी नेमका मुलाम्याला भिडतो, काही भाग नोझलकडे, म्हणजे किरण बाहेर पडतो त्या तोंडाकडे, परततो आणि मागची कड काळपट होते. मुद्दाम कशाला?

पालथं ठेवलं की दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. तोंडावरची फिल्म काढू नका आणि शीट हनीकोंबवर, म्हणजे बेडच्या पोळ्यासारख्या जाळीवर, थेट टेकवू नका, खाली पट्ट्या किंवा पिना देऊन थोडी उचला. नाहीतर बेडच्या जाळीवरून परतलेला किरण आरशाच्या तोंडावर ठिपके पाडतो. दुसरी गोष्ट म्हणजे फाइल मिरर करायची, म्हणजे आरशात दिसते तशी डावी-उजवी उलटी. मी पहिल्यांदा बारा दारांच्या पाट्यांची सुटी अक्षरं कापली, फिल्म सोलली आणि 'श्री' उचलून बघितला, तर राखाडी बाजूने सुरेख वाचता येतोय आणि आरशाच्या बाजूने उलटा. अर्धी शीट भंगारात. त्या दिवसापासून एकच अक्षर आधी कापतो, उलटून बघतो, मग बाकीचं.

हे सगळं फक्त सीओटूला लागू आहे. निळ्या डायोडवाल्या छोट्या मशीनचा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. तो ॲक्रिलिकमधून आरपार जातो, आरशावर आपटून खोलीभर फिरतो आणि थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. फायबर लेझरचंही तेच. त्यांच्याखाली ही शीट ठेवूच नका. तुमच्या मशीनवरचं ॲक्रिलिकचं झाकण सीओटूचा किरण अडवतं, म्हणून ते बंद ठेवा. झाकण उघडलं की किरण बंद करणाऱ्या स्विचला चिकटपट्टी लावून उघड्यावर काम करणारे मी पाहिलेत. ते करू नका.

आता आग. गणपतीच्या आधीचा आठवडा, दोन इंची गोल आरसे, शीट वाया जाऊ नये म्हणून एकमेकांना अगदी खेटून मांडलेले. कापलेली एक चकती जाळीत तिरकी झाली. मी दारात कुरिअरवाल्याला सही देत होतो. परत आलो तर नोझलखाली बोटभर उंच ज्योत शांतपणे उभी. ॲक्रिलिक जळताना फारसा धूर करत नाही, त्यामुळे खोलीत कुणाला पत्ताच नव्हता. वितळलेले जळते थेंब खाली ट्रेमध्ये पडले आणि तिथला जुना चुरा पेटला. लेन्स तेव्हा गेली, बेल्टही अर्धा गेला.

तेव्हा मशीन चालू असताना स्टुलावरून उठायचं नाही, फोन आला तर पॉज दाबायचा. एअर असिस्ट, म्हणजे कापाच्या जागी हवा फुंकणारा पंप, चालू ठेवा. कड काचेसारखी यावी म्हणून हवा कमी करतात, पण पूर्ण बंद नको. तुकड्यांमध्ये २-३ मिमी जागा सोडा, ट्रे रोज झाडा. बाजूला आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवा; पावडरच्याने आग विझेल, पण ती पावडर रेल आणि लेन्समध्ये जाऊन मशीन संपेल.

धूर दिसत नसला तरी वास येतोच, डोकं चढवणारा गोडसर. एक्झॉस्टचा पाइप खिडकीबाहेर न्या, नुसता पंखा लावून भागत नाही.

आरशासारखी दिसणारी प्रत्येक शीट ॲक्रिलिक नसते. पॉलीकार्बोनेट कापताना तपकिरी होतं, पॉलिस्टायरीन काजळी सोडतं, खरी काच तर तडकतेच. सगळ्यात वाईट पीव्हीसी, मग ती शीट असो की तोंडावरची फिल्म. ते जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. घसा जळतो आणि मशीनच्या रेल गंजतात. शंका आली तर मोकळ्या हवेत तांब्याची तार गॅसवर लाल करा, तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ते लेझरखाली नको.

माझ्या ८० वॅटच्या मशीनवर ३ मिमीला ६० टक्के पॉवर आणि सेकंदाला १५ मिमी वेग लागतो. तुमच्याकडे वेग कमी लागेल. कोपऱ्यात रुपयाएवढा गोल कापून ठरवा.

कापल्यावर कडा स्पिरिटने किंवा काच पुसायच्या लिक्विडने पुसू नका. लेझरने कडेत ताण राहिलेला असतो, स्पिरिट लागलं की केसासारख्या चिरा पडतात. पाण्यात साबणाचा थेंब पुरे. चिकटवताना क्लोरोफॉर्मही नको, तो मागचा रंग आणि मुलामा खातो; दुहेरी फोम टेप लावा.

आणि ती भिंतीला टेकवलेली शीट आजच आडवी करा. टेकून उभी राहिली की पोटात वाकते, मग बेडवर मधे फोकस बसतो आणि कडेला काप अर्धवट राहतो. वाकली असेलच तर चारही बाजूंनी वजनं ठेवा, फक्त ती नोझलच्या वाटेत येत नाहीत ना, हे आधी फ्रेम फिरवून, म्हणजे किरण बंद ठेवून डोकं कामाच्या चौकटीभोवती फिरवून, बघा.