मंडळी गाते का?

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "सर, मी इतकी वर्षं ढोलकी वाजवली, ते पाप होतं का?" आणि पुढे बोलताच आलं नाही तुला. ढोलकी गवसणीत घालून माळ्यावर टाकलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्याकडे आलेले प्रचारक उपासनेत वाद्य नको म्हणतात, ते त्यांनी मनाचं रचलेलं नाही. बायबलात इफिसकरांस 5:19 आणि कलस्सैकरांस 3:16, दोन्हीकडे गाण्याबद्दलच सांगितलंय, वाद्याचं नाव नाही. पहिली कित्येक शतकं ख्रिस्ती मंडळ्या नुसत्या गळ्यानं गायल्या. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स मंडळ्या बहुतेक आजही तशाच गातात. तू म्हणे भर सभेत स्तोत्र 150 वाचून दाखवलंस. डफ, झांजा, तंतुवाद्यं सगळी आहेत त्यात, मान्य. पण ते आमोस 5:23 उघडतील, तिथे देवाला वीणेचा नादसुद्धा नकोय. वचनं एकमेकांच्या अंगावर फेकून काय मिळवलंत? अर्धी मंडळी एका बाजूला बसली, अर्धी दुसऱ्या. मी त्या जागी असतो तर एकच विचारलं असतं: मंडळी गाते का?

झुरिचचा झ्विंग्ली, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक, स्वतः उत्तम वादक होता. त्याच्या काळात उपासनेतला ऑर्गन बंद झाला आणि 1527 साली तिथल्या मोठ्या मंदिरातला ऑर्गन फोडून टाकला. पण त्याबरोबर मंडळीचं गाणंही थांबलं, ते परत सुरू व्हायला 1598 साल उजाडलं. वाद्य गेलं म्हणून उपासना शुद्ध झाली असं म्हणणाऱ्यांनी ही सत्तर वर्षं मोजावीत.

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय तुला उपदेश करायचा मला हक्क नाही. 1984 साली मी मंडळीचा चिटणीस होतो. नवापूरकडच्या एका पाड्यावरून एक बाबा यायचे. सगळ्यात मोठ्यानं गाणारे तेच. एका रविवारी ते पावरी घेऊन आले. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेल्या. पावरी आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजते, म्हणून मी दारातच म्हणालो, "बाबा, हे बाहेर." काही न बोलता त्यांनी ती निंबाला टेकवून ठेवली. आत आले, पण गायले नाहीत. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करताना ते वारले.

आणि त्या दिवशी माझी बोटं होती पेटीवर! ती तरी आपली कुठली? पॅरिसमधून आलेली. आकाशवाणीनं 1940 साली तिला बंद केलं होतं, 1971 पर्यंत. कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन टाकलं नाही. म्हणून आपल्या निरक्षर आज्याही पदं तोंडपाठ गायच्या. हे सगळं ठाऊक असून मी एका गाणाऱ्याचं तोंड बंद केलं. पावरी आत घेतली असती तर मंडळी गायली असती. एवढंच बघायचं होतं मला, आणि तेच बघितलं नाही.

पण तुम्हा पोरांनाही मी सोडणार नाही. नंदुरबारला आमच्या पोरांनी कीबोर्ड आणला, दोन मोठे स्पीकर आणले, पट्टी लावली उंच, काळी पाच. मागच्या रांगेतली म्हातारी मला म्हणाली, "मना आवाज मालेच ऐकू येत नही, भाऊ." मी उठलो आणि चालू उपासनेत स्पीकरची पिन काढली. पोरं चिडली, दोन महिने माझ्याशी बोलली नाहीत. पावरीवाल्या बाबांच्या बाबतीत मी चुकलो. पिन काढण्यात चुकलो नाही, आजही काढीन. लोक म्हणतात, सरांना वाद्यांचा राग आहे. राग वाद्याचा नाही रे! आजी गप्प झाली त्याचा आहे. मंडळी गाते का, हे विचारायचं सोडून तुम्ही साऊंड चेक करत बसता.

तेव्हा प्रचारकांशी वाद घालू नकोस. त्यांना घरी जेवायला बोलव. ढोलकी माळ्यावरून काढ, शाई बघ, दमट हवेत उतरली असेल. पंचांना विचारून रविवारी ने. पट्टी काळी एकच्या वर जाऊ देऊ नकोस. पहिलं कडवं हात मांडीवर ठेवून नुसतं ऐक. दुसऱ्याला हळू ठेका धर, आणि मागच्या रांगेचा आवाज कमी झाला की लगेच थांब, मग समेवर यायचं राहिलं तरी चालेल.

तुझी आजी मागेच बसते ना, खांबाजवळ? ती गायली का, ते मला रविवारी संध्याकाळी फोन करून सांग.

तुझा,
सर